हिंगण्याची वाट



कायदा एका दिवसात होतो. तो सरकारी राजपत्रात छापून आला, की लागू झाला. पण लोकांचे मन बदलायला किती दिवस लागतात? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर पुण्याच्या एका गणिताच्या शिक्षकाची हकिकत वाचायला हवी. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना 'महर्षी कर्वे' म्हणतात, तर जवळची माणसे त्यांना 'अण्णा' म्हणत.

१८५६ साली आपल्या देशात हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. विधवा म्हणजे बेवा, हे तुम्हांला ठाऊक आहेच. बंगालमध्ये पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी या कायद्यासाठी फार कष्ट घेतले होते. तेव्हा कर्वे यांचा जन्मही झाला नव्हता. १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी ते जन्मले आणि दापोलीजवळच्या मुरुड गावी वाढले. पुढे १८९३ साली त्यांनी एका विधवेशी लग्न केले. त्या वेळी कायद्याला सदतीस वर्षे झाली होती. तरीही मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला 'बायकाट' म्हणता तोच. त्यांनी गावी येऊन आईच्या घरी उतरायचे नाही, त्यांना घरात घेतले तर भावालाही वाळीत टाकू, असे गावाने ठरवले. कायदा पुस्तकात होता. गाव मात्र होते तिथेच होते.

त्या काळी उच्च समजल्या जाणाऱ्या जातींत मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. नवरा वारला, की त्या कोवळ्या मुलीचे केस कापून टाकत. तिने दागिने घालायचे नाहीत, तांबड्या रंगाचे एकच जाडेभरडे वस्त्र नेसायचे, एक वेळ जेवायचे आणि घरातल्या सगळ्यांची कामे करायची. शुभकार्यात तिचे तोंड पाहणेही लोकांना नको असे. आठ वर्षांच्या मुलीला यातले काय कळणार? पण तिचे उरलेले सगळे आयुष्य असेच जायचे.

तुम्ही म्हणाल, 'आमच्या धर्मात तर बेवेच्या निकाहाला मनाई नाही.' ते खरे आहे. हजरत खदीजा या स्वतः विधवा होत्या, हे तुम्ही दीनियातच्या तासाला शिकला आहात. पण हिंदुस्थानातील अनेक खानदानी मुसलमान घरांतही बेवेचा दुसरा निकाह कमीपणाचा मानण्याची रीत शिरली होती. त्या रीतीविरुद्ध आपल्या सुधारकांनाही बोलावे लागले. म्हणून ही गोष्ट दुसऱ्या कोणाची आहे असे समजून वाचू नका.

कर्वे यांची हिंमत कशी होती, हे त्यांच्या लहानपणच्या एका प्रसंगावरून कळते. त्या वेळी सरकारी नोकरीसाठी एक परीक्षा द्यावी लागे. तिचे केंद्र साताऱ्याला होते. पावसाळ्यामुळे बोटीने जाणे शक्य नव्हते. तेव्हा कर्वे आणि त्यांचे काही सोबती मुरुडहून पायी निघाले. पाठीवर ओझे, वर पाऊस, मध्ये सह्याद्रीचे घाट! सुमारे एकशे दहा मैलांची ती वाट त्यांनी चार दिवसांत तोडली. साताऱ्याला पोहोचल्यावर परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि सांगितले, 'तुझे वय सतरा वर्षांचे दिसत नाही. तुला परीक्षेला बसता येणार नाही.' वयाची सतरा वर्षे खरे म्हणजे पूर्ण झाली होती. पण अंगाने ते फारच बारीक होते. आल्या वाटेने ते परत गेले. पुढच्या खेपेस कोल्हापूरला जाऊन त्यांनी तीच परीक्षा दिली आणि ते पास झाले.

नंतर ते मुंबईला आले. शिकवण्या करीत करीत १८८४ साली त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए.ची पदवी घेतली. १८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९१४ सालापर्यंत ते तेथे होते.

पुन्हा लग्न करायचे, तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या 'शारदा सदन'मध्ये ती शिकत होती. तिच्याशी त्यांनी विवाह केला. लग्नानंतर तिचे नाव आनंदीबाई झाले. सगळे तिला 'बाया' म्हणत. ही बाई फार धीराची होती. बहिष्काराचे चटके नवऱ्याइतकेच, कदाचित जास्तच, तिने सोसले. तिने लिहिलेले 'माझे पुराण' हे आत्मचरित्र मोठे झाल्यावर जरूर वाचा.

आता खरी गोष्ट सुरू होते. १८९३ सालीच कर्वे आणि त्यांच्या मित्रांनी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' नावाची संस्था काढली. उत्तेजक म्हणजे उत्तेजन देणारी. दोनच वर्षांनी त्यांनी हे नाव बदलले. नवे नाव झाले 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी'. नाव लांबलचक आहे. सावकाश फोड करून वाचा. प्रतिबंध म्हणजे अडथळा, निवारक म्हणजे दूर करणारी. पहिले नाव सांगते, 'विधवांनो, लग्न करा.' दुसरे म्हणते, 'ज्यांना लग्न करायचे असेल, त्यांच्या वाटेतले अडथळे आम्ही दूर करू.' समाज अजून तयार नाही, हे कर्वे यांनी दोन वर्षांत ओळखले होते. म्हणून त्यांनी पाऊल लहान केले. पण मागे घेतले नाही.

मग त्यांनी विचार केला, की लग्न ही तर पुढची गोष्ट झाली. आधी विधवेला स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे. ती शिकली, शिक्षिका झाली, चार पैसे मिळवू लागली, तर लग्न करावे की करू नये, हे तिचे तीच ठरवील. म्हणून १८९६ साली त्यांनी पुण्यात 'अनाथ बालिकाश्रम मंडळी' स्थापन केली. स्वतःजवळची शिल्लक त्यांनी या कामाला दिली.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहिला. आश्रमात मुली पाठवायच्या कोणी? त्यांच्या आईबापांनीच. आणि आईबाप तर जुन्या विचारांचे. 'कर्व्यांच्या आश्रमात गेली, की मुलीचे दुसरे लग्न लावून देतात,' अशी बोलवा झाली असती, तर एकही मुलगी आली नसती. म्हणून कर्वे यांनी ठरवले, की आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही. तेथे फक्त शिक्षण द्यायचे. यामुळे झाले असे, की जुने लोक त्यांना बाटगा म्हणत राहिले आणि काही सुधारकही नाराज झाले. 'ज्यांनी स्वतः विधवेशी लग्न केले, तेच आता गप्प बसतात,' असा आरोप त्यांच्यावर झाला.

कर्वे यांचे चुकले का? वर्गात यावर तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलू शकाल. माझे मत विचाराल तर, आश्रमाचे दार उघडे ठेवण्यासाठी त्यांनी तोंड बंद ठेवले आणि त्या वेळी तेच योग्य होते. ज्या मुलींना अक्षरही शिकवले नव्हते, त्यांना भाषणाची नव्हे, पाटी-पेन्सिलीची गरज होती. पण ज्यांनी त्यांना नावे ठेवली, त्यांचीही तळमळ खोटी नव्हती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कर्वे गप्प राहू शकले, कारण त्यांच्या आधी इतरांनी मोठ्याने बोलून ठेवले होते. याच पुण्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि शेणगोळे सोसले. कर्वे यांना मिळालेली जमीन आधी त्या दोघांनी नांगरली होती.

पुण्यात प्लेगची साथ आली. शहरात आश्रम ठेवणे अवघड झाले. गणेश गोविंद गोखले या सद्गृहस्थांनी पुण्याबाहेर हिंगणे गावी सहा एकर जमीन दिली. १९०० साली त्या माळावर एक साधी झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. फर्ग्युसन कॉलेजपासून ही जागा सुमारे चार मैल, म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटर. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल होई, की पाय रुतत. कर्वे दिवसभर कॉलेजात गणित शिकवीत. संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्याला जात. तेथे मुलींना शिकवीत. रात्री तेथेच झोपत आणि सकाळी पुन्हा पायी पुण्याला येत. हा क्रम एक-दोन आठवडे नाही, पुष्कळ दिवस चालला. घरी मुले आजारी असत, बाया एकटी संसार ओढी. एवढे करून आश्रमात मुली किती? मोजक्याच. वर्गणी किती? कोणी रुपया देई, कोणी चार आणे. चार आण्यांचाही हिशेब ते चोख ठेवीत.

तुमच्यापैकी काहीजण रोज शाळेला चालत येतात. त्यांना चार मैल म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. पण तुम्ही स्वतःसाठी चालता. हे गृहस्थ ज्यांच्यासाठी चालत होते, त्यांच्याशी त्यांचे रक्ताचे नातेही नव्हते.

त्या झोपडीतून काय निघाले, याचे एकच उदाहरण देतो. बायाची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही विधवा होती. पदरी एक लहान मुलगा होता. ती आश्रमात आली, मोठेपणी शिकली आणि पुढे आश्रमाची व्यवस्था पाहू लागली. एवढेच नाही, तर वर्गणी गोळा करण्यासाठी ती गावोगाव फिरली. १९१८ साली ती एकटी अमेरिकेला गेली. इंग्रजी नीट यावे म्हणून! तेथे लोकांच्या घरी कामे करून तिने पोट भरले आणि आश्रमासाठी पैसेही जमवले. अशा एका विधवेने समुद्र ओलांडून जावे, ही गोष्ट १८९६ साली कोणी सांगितली असती, तर लोक हसले असते.

१९०७ साली कर्वे यांनी 'महिला विद्यालय' सुरू केले. यात विधवांबरोबर इतर मुलीही शिकू लागल्या. मुलगी शाळेत असेल, तर तिचे लग्न चार वर्षे तरी लांबेल, असा त्यामागे साधा हिशेब होता. गणिताचे शिक्षक ते!

नंतर एक मोठी उडी आली. जपानमधील तोक्यो शहरात १९०१ सालापासून स्त्रियांचे एक विद्यापीठ चालू होते. त्याची माहिती देणारी पुस्तिका कोणीतरी कर्वे यांच्याकडे पाठवली. ती काही दिवस तशीच पडून राहिली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला सामाजिक परिषद भरायची होती आणि तिचे अध्यक्ष म्हणून कर्वे यांना निवडले होते. भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुस्तिका वाचली आणि आपल्या देशातही स्त्रियांचे विद्यापीठ हवे, असा विचार परिषदेत मांडला. दुसऱ्याच वर्षी, १९१६ साली, ते सुरू झाले. त्या वेळी कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे होते. या वयात माणसे पेन्शन घेऊन ओसरीवर बसतात.

या विद्यापीठात मातृभाषेतून शिकवत आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय असे. तुम्ही उर्दूतून शिकता, म्हणून या गोष्टीचे महत्त्व तुम्हांला लवकर पटेल. दोनच वर्षांनी, १९१८ साली, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे तर उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दूच होते. पुण्यात मराठी, हैदराबादेत उर्दू. दोन्हीकडे विचार एकच होता.

सुरुवातीला विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पदवीचे नाव होते 'गृहीतागमा'. सरकारने या पदवीला मान्यता दिली नव्हती. गृहशास्त्रासारखे बायकांसाठी निराळे विषय ठेवले, म्हणूनही टीका झाली. आज आपल्यालाही ते थोडे खटकते. मुलींनी मुलांसारखेच गणित-विज्ञान का शिकू नये? पण त्या वेळी पालकांना एवढेच पटत होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला मिळाले. आज आपण त्याला 'एस.एन.डी.टी.' म्हणून ओळखतो. एवढी मोठी देणगी मिळूनही कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. १९१६ ते १९५१! वजाबाकी तुम्हीच करा. इतकी वर्षे ज्या मुलींनी ती पदवी घेतली, त्यांनी सरकारी शिक्क्याची वाट पाहिली नाही.

मित्रांनो, या काळात हे काम एकट्या महाराष्ट्रातच चालले होते असे नाही. उर्दूच्या पुस्तकात तुम्ही अलीगढचे नाव वाचले आहे. तेथे १९०६ साली शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा सुरू केली. मुलींना पडदा लावलेल्या डोल्यांमधून शाळेत आणत. बाहेरगावच्या मुलींसाठी १९१४ साली वसतिगृह उघडले. त्या शाळेत पदवीचे वर्ग सुरू व्हायला १९३७ साल यावे लागले. म्हणजे एकतीस वर्षे गेली. आपल्या लोकांनी शेख साहेबांना प्रेमाने 'पापा मियाँ' हे नाव दिले. पण सुरुवातीला याच आपल्या लोकांनी त्यांना कमी त्रास दिला नव्हता.

पुन्हा कर्वे यांच्याकडे येऊ. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेत फिरले आणि विद्यापीठासाठी मदत मागितली. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी 'महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ' काढले. ज्या खेड्यांत शाळाच नव्हती, तेथे शाळा उघडण्यासाठी ते खेडोपाडी जाऊ लागले. विद्यापीठ काढलेला माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळला! याचे पुष्कळांना नवल वाटले. मला तर त्यांच्या साऱ्या आयुष्यात हेच पाऊल सर्वांत आवडते. १८९६, १९१६ आणि १९३६ या सालांकडे नीट पाहा. दर वीस वर्षांनी त्यांनी नवे काम हाती घेतले. आणि वीस वर्षांत फळ दिसेलच, अशी त्यांतल्या एकाही कामाची खात्री नव्हती. १९४४ साली, शहाऐंशी वर्षांचे असताना, माणसामाणसांतील उच्चनीच भाव जावा म्हणून त्यांनी 'समता संघ' स्थापन केला.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आजीला, म्हणजे दादीला किंवा नानीला विचारा, 'आपण कितवीपर्यंत शिकलात? शाळा का सोडलीत?' मग आईला तेच विचारा. दोघींची उत्तरे वहीत मराठीत लिहून आणा. मुलींनो, त्याखाली तुम्ही स्वतःचे उत्तरही लिहा. दहावीनंतर काय, हा प्रश्न तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी पुढच्या वर्षी निघणार आहे. कोणाच्या घरी कॉलेज लांब आहे म्हणतील, कोणाच्या घरी चांगले स्थळ आले आहे म्हणतील. चिडून, रडून किंवा एकदाच बोलून गप्प राहून हा प्रश्न सुटत नाही. अब्बांशी बोला, मामूंना मध्ये घाला, बाईंना किंवा सरांना घरी बोलवा आणि गरज पडली, तर पुन्हा बोला. आणि मुलांनो, बहिणीच्या बाजूने घरात पहिला शब्द तुमचा निघाला, तर त्याचे वजन किती पडते, हे करून पाहा.

१९५८ साली कर्वे शंभर वर्षांचे झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना 'भारतरत्न' हा किताब दिला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय एकशे चार वर्षांचे होते.

हिंगण्याचा तो माळ आता पुणे शहरात सामावला आहे. त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. झोपडीच्या जागी मोठी शिक्षणसंस्था उभी आहे. डेक्कनकडून तिकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव कर्वे रस्ता आहे. चिखल केव्हाच गेला; आता त्या रस्त्याच्या काही भागावरून मेट्रोही धावते. सकाळी कॉलेजच्या वेळेला तेथे उभे राहिले, तर बसमधून, स्कूटरवरून, सायकलवरून मुलीच मुली जाताना दिसतात. कोणाच्या डोक्यावर ओढणी असते, कोणाच्या पाठीवर दप्तर, आणि तासाला उशीर होऊ नये म्हणून सगळ्या घाईत असतात.